स्टुडिओतला कोट

आमच्या गावातल्या एकुलत्या एक फोटो स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येकाने तोच चढवायचा. मला तो इतका ढगळ व्हायचा, की फोटोवाले काका पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावत. "हनुवटी जरा वर घे, पोरी," ते म्हणत, "मॅडम दिसली पाहिजेस." पदवीनंतर मी तीनदा तो कोट घातला. त्याच्या दुमडलेल्या कॉलरला दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाचा वास यायचा. आपल्याआधी या स्टुलावर जो बसला, त्याचं काम झालं असेल का, असं दर वेळी मनात यायचं.

आता मला शहरात नोकरी लागली आहे. आलेले अर्ज तपासायचे आणि टक्के कमी असलेले बाजूला काढायचे, एवढंच माझं काम. काल एका अर्जावर तो कोट दिसला. कॉलर तशीच दुमडलेली होती. मग आणखी एक निघाला, मग तिसरा. चेहरे अनोळखी, पण हनुवटी तिघांचीही जराशी वर. टक्के तिघांचेही कमी.

चिमटे फोटोत दिसत नाहीत. मला मात्र ते पाठीला टोचायला लागले.

"झालं का गं?" शेजारच्या टेबलावरून मॅडमनी विचारलं.

"झालंच," मी म्हणाले, आणि तिन्ही अर्ज बादच्या गठ्ठ्यावर ठेवले. फक्त पालथे ठेवले.