आराम सांगितलाय

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या कुणाला नाही, आणि जिला पहिलं सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, हे कारणही बनवलेलं आहे. कंटाळलेय म्हणून सांगतेय. एक खोटं रोज सकाळी उठून सोबत घेऊन निघायचं, याचा कंटाळा आलाय.

मी पत्रकं लिहिते. डोंबिवलीत बाजारात किंवा रिक्षा स्टँडवर कुणी तुमच्या हातात कागद कोंबला असेल आणि तुम्ही त्यात शेंगदाणे बांधले असतील, तर तो बहुतेक माझा. कॉलेजपासून हेच करतेय. भाषण मला जमत नाही. पण एका पानात माणूस चिडला पाहिजे — ते जमतं. लांब वाक्य टाकायचं नाही. 'परंतु' टाकायचं नाही. वाचणारा उभ्याउभ्या वाचतो, त्याला 'परंतु' सोसत नाही, असं मला शिकवलेलं. मी चांगली शिकले. 'परंतु' कापण्यात माझा हात धरणारं गटात कुणी नव्हतं.

तेव्हा आमची मागणी होती की दुकानात काम करणाऱ्या बायकांना बसू द्या. तुम्ही साड्या घ्यायला जाता ना? तुम्हाला गुबगुबीत स्टूल, थंड पाणी, मुलाला चॉकलेट. आणि समोरची बाई शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभी. जरा कपाटाला टेकली की कॅमेऱ्यात दिसतं आणि शेठचा फोन येतो. 'बसू द्या' — दोन शब्द. पत्रकाला आणखी काय हवं? मला राग आलेला, आणि तो राग खरा होता. अजून आहे. हे सुटकेसाठी सांगत नाहीये. राग खरा असला म्हणून माणूस खोटं बोलत नाही असं थोडंच आहे?

मनीषाताई अशाच एका दुकानात होती. चाळिशीची, राहायला मानपाड्याला, माहेर खडवलीचं. दुकानातल्या बायकांपैकी आमच्याशी पहिली बोलली ती हीच. बाकीच्या मान खाली घालून साड्यांच्या घड्या करत राहिलेल्या. तिच्या पोटऱ्यांवर जांभळ्या-निळ्या बारीक शिरांची जाळी आलेली, कोळ्याने विणल्यासारखी. संध्याकाळी आग व्हायची, खाज यायची. आणि ती त्याचाही विनोद करायची. साडी वीतभर वर धरून दाखवायची, "हे बघ, अख्खी कसारा लोकलची लाईन आहे माझ्या पायावर. हे कल्याण, हे टिटवाळा, आणि गुडघ्यामागे हा गुच्छ आहे ना, ती खडवली. माहेर माझ्या मागेच लागलंय." दुकानातल्या बायका मग रोज विचारायच्या, काय गं, आज खडवली काय म्हणते?

ठाण्याला टेंभी नाक्याच्या पुढे एक डॉक्टरीण त्या शिरांवर इंजेक्शनं द्यायची. बारीक सुईने शिरेतच औषध सोडायचं, मग ती शीर मिटून जाते. मनीषाताईने ठरवलं आणि मला म्हणाली, सोबत चल. सुईला ती घाबरते. "तू शिकलेली आहेस. ती काय बोलते ते नीट ऐकून ठेव. मला तिथे गेलं की कानात नुसतं घूं होतं." म्हणून मी गेलेले. ऐकायला. माझं तिथे दुसरं काही काम नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. पुढची बदलून सांगते.

डॉक्टरीण मला आत शिरल्या शिरल्याच आवडली नव्हती. काचेचा दरवाजा, भिंतीवर कुणा गोऱ्या बाईचे गुळगुळीत पाय. मराठी येत नव्हतं, हिंदीत बोलायची. हे श्रीमंतांचे चोचले आहेत आणि आपली बाई इथे चुकून आलीय, असं मी मनात लिहूनसुद्धा टाकलेलं. इंजेक्शनं झाल्यावर मनीषाताई आत मोजे चढवत होती — ते मांडीपर्यंतचे घट्ट मोजे असतात, चढवताना घाम फुटतो — तेवढ्यात डॉक्टरीण बाहेर आली आणि माझ्याशी बोलली. त्यात 'आराम' हा शब्द होता.

बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. शब्द तर तोच होता ना? हिंदीत आराम म्हणजे बरं वाटणं. आपल्यातही म्हणतात, औषधाने आराम पडला. आणि आराम म्हणजे अंथरुणावर पडून राहणंही. मी घाईत होते, हिंदी होतं, गफलत झाली. किती सोयीची गफलत! दोन भाषांच्या फटीत माझं पाप बसलं की कुणाला दिसणार नाही.

पण मला हिंदी येतं. आम्ही निम्मी पत्रकं हिंदीत काढतो, तीही मीच लिहिते.

ती म्हणाली होती, "आज से ही चलना है. जितना चलोगी, उतना आराम मिलेगा." मी विचारलंसुद्धा, किती चालायचं. तिने नीट सांगितलं. घरी जाताना वाटेतच थोडं चाला, मग रोज सकाळ-संध्याकाळ. धावायचं नाही, जड उचलायचं नाही, गरम पाण्याचा शेक नाही, मोजे काढायचे नाहीत. दोन दिवसांनी कामावर गेलं तरी चालेल, फक्त एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, आणि एका जागी बसूनही राहायचं नाही. पोटरी सुजली, दुखली, तर लगेच यायचं. मग तिने टेबलाला धरून, आपले उंच टाचांचे बूट काढून, टाचा वर-खाली करून दाखवल्या. अशा, दिवसातून अनेकदा. तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हे मला इतकं स्पष्ट आठवतं आणि मी म्हणते गफलत झाली!

मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझं पत्रक बुडताना दिसत होतं. दुकानासमोर आमचं धरणं दोन आठवड्यांवर आलेलं. बसू द्या म्हणून ओरडायचं, आणि आमची बाई डॉक्टरच्या सांगण्यावरून चालत चालत कामाला जाणार? शेठ म्हणेल, बघा, डॉक्टरच म्हणतात बसू नका. 'चालू द्या, अधूनमधून बसू द्या, परंतु फार वेळ बसवू नका' — ही काय घोषणा आहे? मला घरी पडलेली बाई हवी होती. उशीवर ठेवलेले पाय हवे होते.

मनीषाताई लंगडत बाहेर आली. चेहरा घामाने डबडबलेला, पण हसत होती, सुटल्यासारखी.

"काय म्हणाली गं?"

"आराम सांगितलाय," मी म्हटलं. "पंधरा दिवस पाय खाली ठेवायचे नाहीत."

झालं. एवढंच केलं मी. एका लांब वाक्यातून एक शब्द उचलला आणि बाकीचं कापलं. माझ्या हाताला सवयच होती.

ती नको नको म्हणाली होती, हेही सांगायला हवं. पंधरा दिवसांची रजा कोण देणार, घरचं कोण करणार? मीच तिला समजावलं. रिक्षात बसून, तिचा हात हातात घेऊन. तुझ्या शरीरावर तुझा हक्क आहे, वगैरे. पत्रकातलं वाक्य होतं ते, जुनं.

घरी तिच्या सासूलाही मीच सांगितलं. म्हातारी जवळच्या गावातली, आगरी, आवाज असा की तीन मजले ऐकतील. मला वाटलेलं कटकट करेल. तिने पदर खोचला आणि सुनेला म्हणाली, "पडून रव गो तू. मी हाय ना." बाळंतिणीचं करावं तसं केलं तिने. खाटेवर जेवण, खाटेवर चहा, संध्याकाळी गरम विटेचा शेक. मोजे पायाला काचतात, रक्त अडेल, म्हणून काढून ठेवले. मी दोन दिवसांनी गेलेले तेव्हा ते अंगाच्या रंगाचे मोजे दोरीवर वाळत होते. मी ते पाहिले. आणि काय केलं माहीत आहे? बरं झालं काढलेत, म्हणाले, कारण मला फोटो हवा होता. सुयांचे काळे-निळे डाग नुसत्या पायावर जास्त दिसतात.

मनीषाताई खूश होती हो. ते आठवलं की मला बसवत नाही. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा सासूच्या हातचा चहा प्यायले, तुझ्यामुळे.

तो फोटो पत्रकावर गेला. 'हे पाय बघा. उभं ठेवून ठेवून यांची ही गत केली.' लोक थांबून वाचत होते. कुणी त्यात शेंगदाणे बांधले नाहीत.

धरणं झालं त्याच आठवड्यात तिची डावी पोटरी सुजली. लाल, दगडासारखी. तिला वाटलं औषध लागू पडतंय. मला फोनवर हसून म्हणाली, खडवलीला गर्दी झालीय आज. मी पण हसले. डॉक्टरणीने काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं — सूज आली तर लगेच या — आणि मी हसले. का? कारण तिला ठाण्याला नेलं असतं तर त्या बाईने पहिला प्रश्न काय विचारला असता? तेवढ्यासाठी दोन दिवस गेले. मग तिला खाली पाय टेकवेना, तेव्हा नवऱ्याने कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली. फुप्फुसात गेली असती तर बाई गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. वयस्कर होते. जाम भडकलेले.

"हिला खाटेवर झोपवून कुणी ठेवलं?"

मनीषाताईने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. साक्षीदाराकडे पाहतात तसं. "त्या ठाण्याच्या डॉक्टरणीनेच आराम सांगितलेला. हो की नाही गं?"

मी हो म्हटलं.

इथे थांबता आलं असतं. खोटं तिथेच पडून राहिलं असतं, निदान आणखी कुणाच्या अंगावर गेलं नसतं. पण मला तर एका पानात माणसाला चिडायला लावता येतं ना? मी दुसरं पत्रक लिहिलं. त्या दवाखान्यावर. सुया टोचतात आणि साधं चालायलाही सांगत नाहीत. आम्ही दहा-बाराजणी तिच्या काचेच्या दरवाज्यासमोर फलक घेऊन उभ्या राहिलो. ती बाहेर आली. आधी सगळ्यांकडे पाहिलं, मग मला ओळखलं. ओरडली नाही. गोंधळलेली दिसत होती, आपणच काही विसरलो की काय अशी.

"तुम तो साथ में थी ना," ती म्हणाली. "तुम ने ही पूछा था, कितना चलना है."

मी घोषणा दिली. मोठ्याने. बाकीच्यांनी उचलली, आणि तिचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

काही महिन्यांनी तिथली पाटी उतरलेली दिसली. आमच्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. विचारलं नाही.

आणि दुकानात स्टुलं आली. प्लास्टिकची, काउंटरमागे, प्रत्येकीला एक. आम्ही जिंकलो. गटात पेढे वाटले. मनीषाताईच्या स्टुलावर आता दुसरी कुणी बसते. तिला शेठने परत बोलावलं नाही आणि तिलाही ते उभं राहणं झेपलं नसतं. डावा पाय संध्याकाळपर्यंत फुगतो, पैंजण काढून ठेवावं लागतं.

आता आम्ही दोघी सकाळी चालतो. मानपाड्याच्या रस्त्यावर ट्रक सुरू व्हायच्या आत निघायचं, कारखान्यांच्या कुंपणाच्या बाजूने. कल्याणच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलंय, आणि ती एक दिवस चुकवत नाही. दम लागला की भिंतीला हात टेकते आणि टाचा वर-खाली करते. अगदी तशाच. ते तिला कुणी नव्याने शिकवलं. ज्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं गेलं त्या दिवशी ते माझ्यापाशी थांबलं.

हल्ली दुकानांतल्या दोघी-तिघी सोबत येतात. त्यांच्याही पोटऱ्यांवर जाळी आहे. मनीषाताई त्यांना शिकवते, दरडावते, विनोद करते, कुणाचं शहाड आणि कुणाचं आंबिवली ते दाखवते. नवी कुणी आली की स्वतःची गोष्ट सांगते. माझ्यापेक्षा चांगली सांगते. "इंजेक्शनं घ्या, काही होत नाही. पण कुणी पडून राहा म्हटलं तर ऐकू नका गं. माझी मेली डॉक्टरीणच चांगली नव्हती, आराम सांगितला तिने मला." मग मागे वळते, कारण मी जरा मागे असते. नेहमीच असते.

"हो की नाही गं?"

काल एक नवीन मुलगी आलेली. तिने पण माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं.