तीन नमो मरियांच्या शेवया

सासूबाईंना ताप आला तेव्हा मी सगळ्यात आधी पाटीवर यादी लिहिली: औषध कधी, पाणी किती, चादर कोणत्या दिवशी बदलायची. मिशनच्या शाळेत मुलींना शिकवायचे, तेव्हा पाटी-पेन्सिल घरात असायचीच. बाराव्या दिवशी ताप उतरला. यादी तिथेच संपली होती, कारण ताप उतरला की माणूस जेवतो असं मी धरून चालले होते.

सासूबाई जेवेनात. पेज दिली, तोंड फिरवलं. दूध दिलं, ओठ मिटून घेतले. बोलणंही थांबलं. चौथ्या दिवशी डॉक्टर माझ्या नवऱ्याला ओसरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "तापातून वाचल्या. पण असंच चाललं तर उपासानं जातील."

दुसऱ्या दिवशी पहाटेच नवऱ्याने आमच्या ख्रिस्ती आळीतल्या खाटकाकडून गाईचं मटण आणलं, नळीच्या हाडासकट. शाळेला जाण्याआधी मी ते आलं, मिरी आणि चिमूटभर मसाला घालून चुलीवर ठेवलं. आग मंद ठेवायचं काम नवऱ्याकडे. संध्याकाळी परतले तर मटण हाडापासून सुटलं होतं. फक्त शेवया टाकायच्या राहिल्या होत्या. पाव तासाचं काम.

शेवया सासूबाईंच्याच हातच्या. उन्हाळ्यात पाटावर बसून त्या कणकेचा गोळा बोटांनी ओढायच्या आणि केसासारखी तार निघत राहायची, न तुटता. बारा वर्षं शेजारी बसून पाहिलं, मला ते कधी साधलं नाही. डब्यातून मूठभर काढल्या तर हाताला वजनच लागेना.

त्या किती वेळ शिजवायच्या, याचं सासूबाईंचं माप ठरलेलं होतं. रस्सा उकळला की शेवया टाकायच्या, तीन वेळा नमो मरिया ही प्रार्थना म्हणायची आणि भांडं उतरवायचं. मी तसंच केलं. एक शेवई चावून पाहिली. कच्ची.

"झाल्या?"

मी दचकून मागे वळले. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची खाट आणून ठेवली होती, आवाज तिथून आला होता.

"तीनदा म्हटलं, आये. पण कच्च्याच आहेत."

"आयकलं मी. मरियाबाय जीव मुठीत धरून पलाली. तीन काय, तुझ्या दोन पन नाय झाल्या. ठेव परत."

मी भांडं परत चुलीवर ठेवलं. मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. एकेका शब्दाला श्वास घेत, मध्येच थांबत, पुन्हा त्याच शब्दापासून धरत. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मी पळी हातात धरून उभी होते. इतकी वर्षं मी ती प्रार्थना रोज म्हणत आले होते, पण ती इतकी लांब आहे हे मला माहीतच नव्हतं. 'आमेन' झालं आणि मी भांडं उतरवलं. प्रत्येक शेवई मऊ, प्रत्येक वेगळी.

पहिला घास मी भरवला. त्यांनी तो तोंडात बराच वेळ धरला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. गिळला. दुसरा. पाचव्या घासाला त्यांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला.

"नली कुठंय?"

मी हाड ताटलीत ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि ताटलीच्या काठावर आपटलं. एकदा, दोनदा. सकाळी याच हाताला पाण्याचा पेला पेलवत नव्हता. तिसऱ्यांदा आपटल्यावर नळीतला मऊ मगज सुटून बाहेर आला आणि त्या तो चाखू लागल्या. मला पुढे काय करायचं ते सुचेना. असं माझं सहसा होत नाही.

आवाज ऐकून नवरा ओसरीवरून आत आला. दारातच थबकला, आणि चर्चमध्ये शिरताना काढतो तशी त्याने डोक्यावरची टोपी काढली.

सासूबाईंनी वर पाहिलं. "टोपी घाल रे, कोन मेलंय इथं?" म्हणाल्या, आणि रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.