लळिंगची सात टाकी

आमचे आबा एसटीत कंडक्टर होते. शिरपूरहून धुळ्याला आणि धुळ्याहून पुढे नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली. धुळं मागे पडलं की थोड्याच वेळात लळिंगचा किल्ला दिसायला लागतो. तो दिसला की आबा तिकिटांचं काम बाजूला ठेवून प्रवाशांना सांगायचे, "तो बघा लळिंग. वर सात टाकी आहेत कातळात खोदलेली, बारा महिने पाणी." प्रवासी माना वळवून बघायचे, झोपलेल्यांना शेजारचे उठवायचे. सुट्टीत मी त्या गाडीत असले की माझी मान अभिमानाने ताठ व्हायची.

मला हे फार उशिरा कळलं की आबा त्या किल्ल्यावर कधीही गेले नव्हते. टाक्यांचं त्यांना एका प्रवाशानं सांगितलं होतं. तो प्रवासी कोण, तो तरी वर गेला होता का, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात आबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. तारीख सोमवारची. शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, "मी एकदा वर जाऊन येतो. मग कापा काय कापायचं ते." डॉक्टरांनी कितीही समजावलं तरी ऑपरेशननंतर आपण घरातल्या घरात तेवढे फिरू, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. तीस वर्षं लोकांना सांगितलेली सात टाकी त्याआधी एकदा मोजायची होती. मी नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्यानं रविवारी गाडी काढायचं कबूल केलं.

अक्काला कुणी बोलावलं नव्हतं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन गाडीपाशी उभीच होती. तिला किल्ल्यांशी काहीही देणंघेणं नव्हतं. गाडीत एक जागा रिकामी जाणार, हे तिला सहन होत नव्हतं.

वाटेवरचे सगळेच किल्ले करू, असं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं. म्हणून आधी थाळनेर. तिथे तापीच्या काठावर आम्ही अर्धा तास किल्ला शोधला आणि शेवटी एका गुराख्यानं सांगितलं की तुम्ही किल्ल्यावरच उभे आहात. मग सोनगीर. सोनगीरला पितळेची भांडी चांगली मिळतात, हे अक्काला ठाऊक होतं. किल्ला तसाच वर राहिला आणि आम्ही खाली एका दुकानात तासभर एका तांब्यासाठी घासाघीस करत बसलो. अक्कानं तो तांब्या नखानं वाजवला, उन्हात धरला, त्यात तोंड घालून हाक मारली. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "माय, ली जाय." घेऊन जा एकदाचा. आबा तोवर गाडीतच बसून होते. त्यांना बाकीच्या किल्ल्यांत रस नव्हता. ते दर पाच मिनिटांनी गुडघे चोळायचे आणि घड्याळ बघायचे.

लळिंगला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गावात शिरताच एका घरापुढे ताडपत्री अंथरलेली दिसली. तिच्यावर टोप्या घातलेली वीस-पंचवीस माणसं गप्प बसलेली. अक्का ताठ झाली.

"गाडी थांबाड! तात्या गया ना आपला. मागला आठवडामा कोनी तरी सांगं मले. चाला, दारवर बशी येऊत."

आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या घरी भेटायला जाणं याला दारावर जाणं म्हणतात. लग्न चुकलं तर माफी आहे, दारावर जायचं चुकलं तर नाही. लळिंगचे हे तात्या अक्काच्या नणदेचे दीर. त्यांना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आबांनी एकदा किल्ल्याकडे पाहिलं, एकदा ताडपत्रीकडे पाहिलं आणि निमूटपणे खाली उतरले.

पुरुष ताडपत्रीवर बसले. आल्या माणसाला तुम्ही कोण म्हणून विचारायची पद्धत नाही. कुणीतरी माझ्या नवऱ्यापुढे तंबाखू धरली. त्यानं जन्मात कधी खाल्ली नव्हती, पण घाबरून खाल्ली. अक्कानं डोक्यावरून पदर ओढला, दारातूनच हंबरडा फोडला आणि आत जाऊन एका म्हातारीच्या गळ्यात पडली. मी मागे उंबऱ्याशी टेकले.

अक्कासारखं रडणं आमच्या सात गावांत कुणाला जमत नाही. ती गेलेल्या माणसाचे गुण सुरात सांगते. "तात्या वं, मना करता खिसा भरीसन बोरं लयेस वं! कोनी नही देखं ते मले गाना म्हनी दखाडेस वं!" आतल्या बायकाही हुंदके द्यायला लागल्या. पण ज्या म्हातारीच्या गळ्यात अक्का पडली होती, ती हळूहळू रडायची थांबली. नवऱ्याची ही बाजू तिला नवीन असावी. बोरांपाशी ती थोडी मागे सरकली. गाण्यांपाशी तिनं डोळे पुसले आणि अक्काकडे नीट बघितलं.

बाहेर एकानं कसं झालं ते सांगायला सुरुवात केली होती. "रातले जेवना नि झोपना. सकायले उठनाच नही." सगळ्यांनी माना हलवल्या. आबांनीही हलवली. तेवढ्यात गल्लीतून एक उंच म्हातारा काठी टेकत आला, ताडपत्रीवर आबांच्या शेजारी बसला आणि आतला आवाज कान देऊन ऐकू लागला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळत गेला. तो आबांच्या कानाशी लागून म्हणाला, "ही आमनी वहिनीनी भावजई शे ना? मनाच करता रडी राहिनी ना?"

ते तात्या होते. धडधाकट होते. गेले होते ते शेजारचे.

अक्कानंही दारातून तात्यांना पाहिलं. मला वाटलं, आता ती थांबेल. पण रडता रडता मध्येच थांबणं तिला शोभलं नसतं. तिनं पदर आणखी पुढे ओढला, बोरं आणि गाणी सोडून दिली आणि "चांगला मानूस गया वं" एवढ्यावर नेटानं शेवट केला. बाहेर आल्यावर तिनं तात्यांना पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "तू जित्ता शे ते सांगता येत नही का?"

तात्या रागावले नाहीत. आपल्यामागे कोण कसं रडेल ते जिवंतपणी ऐकायला मिळालं म्हणून माणूस खूश होता. त्यांनी आम्हाला घरी चहाला ओढलं आणि तिथे आणखी एक तास गेला. ऊन उतरायला लागलं.

चहा संपल्यावर अक्कानं फर्मान काढलं. दारावर जाऊन आल्यावर कुठे जायचं नसतं. "आते सरळ घर जावानं नि आंग धोवानं."

आबा उठून उभे राहिले. मी त्यांना अक्कापुढे आवाज चढवताना कधीच ऐकलं नव्हतं. "गड काय कोनं घर शे का? मी चालनू."

आणि ते निघाले. मी मागोमाग धावले. चढण सोपी नाही. सुटे दगड, वाळलेलं गवत. आबा दर वीस पावलांना थांबत होते, दातओठ खात होते, मी हात पुढे केला की झटकत होते. निम्म्या वाटेवर त्यांचा उजवा पाय वळला आणि ते एका दगडावर बसले ते बसलेच. मी दोनदा उठवायचा प्रयत्न केला. गुडघा फुगून नारळाएवढा दिसायला लागला होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, थाळनेरवर, तांब्यावर, तात्यांवर.

तेवढ्यात खालून अक्का आली. हातात तो पितळी तांब्या, मागे तंबाखूनं पिवळा पडलेला माझा नवरा. ती आमच्यापाशी थांबलीसुद्धा नाही. आबांकडे एकदा बघितलं, नऊवारीचा काष्टा खोचला आणि वर चालू लागली. नवरा तिच्यामागे गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जिला किल्ला बघायचाच नव्हता. आम्ही दोघं खालून बघत राहिलो. थोड्या वेळानं ती दरवाजाआड दिसेनाशी झाली.

खाली हायवेवरून एसटी जाताना दिसली की आबा तेवढी मान वळवायचे. मग एकाएकी हातांनी दगड रेटत ते पुन्हा उठायला लागले. त्याच वेळी वरून, तटाच्या कडेवरून, अक्काचा आवाज आला.

"भाऊ! ये नको! आठे काहीच नही शे! बठ्ठा दगडच शेतस! देखासारखं काहीच नही!"

आबा परत बसले. मला वाटलं, बरं झालं, आता चुटपुट राहणार नाही. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ते अगदी हळू म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं."

अक्काला खाली यायला बराच वेळ लागला. एकेक पाऊल जपून टाकत होती आणि तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. जवळ आली तेव्हा दिसलं, तो काठोकाठ भरला होता.

आबा तांब्याकडे बघतच राहिले. "हाई पानी कोठलं?"

अक्का गुडघे मोडून त्यांच्यापुढे बसली आणि त्यांची चप्पल काढली. दारावर जाऊन आलेल्या भावाच्या पायांवर, मग त्या सुजलेल्या गुडघ्यांवर तिनं ते गार पाणी ओतलं आणि हातानं चोळलं.

"टाकानं शे ना?" आबा पुढे झुकले. "किती टाका शेतस वर?"

अक्कानं रिकामा तांब्या पदरानं पुसला.

"तू सांगस तितलाच."

माझा नवरा तिच्यासोबत वर गेला होता, त्यानं नक्कीच पाहिलं असणार. मी त्याला अजून विचारलेलं नाही.