एकतीस मोजेपर्यंत अंधार

नोकरीत माझं एक वाक्य ठरलेलं होतं: "काही होत नाही, दुखत नाही." मध्य प्रदेशच्या आरोग्य खात्यात मी सुपरवायझर होते. थंडी सुरू झाली की मोतीबिंदूची शिबिरं लागत आणि किरनापूर, बिरसा, हट्टा इकडची म्हातारी माणसं जीपमध्ये घालून बालाघाटला आणणं माझ्याकडे असे. उन्हाळ्यात कुणी डोळ्याला हात लावू देत नसे. उन्हानं टाके पिकतात अशी सगळ्यांची खात्री होती. थंडीतही निम्मे जण जीपच्या दारापर्यंत येऊन परत फिरत. त्यांना आत चढवायला ते वाक्य पुरत असे. इतक्या वेळा म्हटलं होतं की ते खरं आहे का, हे मी कधी तपासलं नव्हतं.

सासूबाईंच्या धाकट्या बहिणीलाही मी हेच सांगून हट्ट्याहून आणलं. टेबलावर घेतल्यावर डोळ्याखाली बधिर करण्याची सुई टोचली, आणि मावशी उठून बसली. डॉक्टरांनी सुई वेळेवर मागे घेतली म्हणून निभावलं. ती खाली उतरली, डोक्यावरची हिरवी टोपी तशीच ठेवून बाहेर आली, मला म्हणाली, "खोटारडी हायेस तू," आणि चालत बसस्टँडवर गेली. पुन्हा आली नाही. एक डोळा गेला, मग दुसराही गेला. शेवटची वर्षं ती ओसरीपासून न्हाणीपर्यंत बांधलेली दोरी धरून फिरत असे. दोरी भाच्यानं बांधून दिली होती. चांगली घट्ट होती.

मग सासूबाईंची पाळी आली. उजवा डोळा पांढरा झाला होता, डाव्यात सुरुवात होती. चहा कपाच्या बाजूला ओतत आणि कप लहान आला म्हणून दुकानदाराला नावं ठेवत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की उजव्यातला मोतीबिंदू ह्या थंडीत काढला नाही तर तो आत फुगेल, दुखेल आणि मग काढूनही दिसणार नाही. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वर माझं वाक्यही सांगितलं.

"माह्या बहिणीले बी तू हेच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

"त्या हलल्या म्हणून झालं."

"हलली काहून? दुखलं म्हणून हलली. तू कधी झोपली का त्या टेबलावर?"

"नाही."

"मंग चूप राय."

त्यांना दाखवून देण्यासाठी मी चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर करून घेतलं, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. तसं काही नाही. माझा नंबर उणे सात होता आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी, बिरसाकडच्या एका पाड्यावर लसीकरण पाहायला जाताना, बांबूच्या फांदीनं माझा चष्मा उडवला. मी पंधरा मिनिटं चिखलात आणि पाचोळ्यात हातांनी चाचपत होते. चष्मा एका बाईला सापडला, एक काच फुटलेली. ती बाई मला हाताला धरून जीपपर्यंत घेऊन आली आणि वाटेत तिनं मला विचारलं, "बाई, मोतियाबिंद है क्या? शिविर में दिखा दो, दर्द नहीं होता." मी हो म्हटलं. त्या पाड्यावर ते वाक्य मीच पोचवलेलं होतं.

नवरा सिंचन विभागात. त्याच्या साहेबांच्या मुलीनं नागपूरला लेझर केलं होतं, तिथूनच पत्ता मिळाला. दिवाळीनंतर छोट्या रेल्वेगाडीनं गोंदियाला आणि तिथून नागपूरला गेलो. पहिला दिवस नुसता तपासण्यांचा. काळ्या डब्यात तोंड घालून गोल गोल रेघांकडे पाहायचं; त्यावरून बुबुळाच्या काचेचा नकाशा निघतो. मग डोळा बधिर करून पेनासारखी एक काडी काचेला टेकवतात आणि तिची जाडी मोजतात. काच पातळ असली तर घरी पाठवतात. माझ्या पुढची मुलगी तशीच परत गेली आणि जिन्यात बसून रडली. माझी काच पुरेशी जाड निघाली. नवरा म्हणाला, "कातडीही तशीच आहे."

डॉक्टर तरुण बाई होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिनं स्पष्ट सांगितलं की लांबचं दिसेल, पण वय बेचाळीस असल्यामुळे वाचायला चष्मा लागेल. काही महिने डोळे कोरडे पडतील, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील. हे सगळं तिनं नीट सांगितलं. प्रत्यक्ष टेबलावर काय होणार, हे विचारलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काही होत नाही ताई, दुखत नाही."

मी संमतीच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी हिरवी टोपी घालून आडवी झाले. थेंब घातले. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा एक चिमटा लावला; तो दुखत नाही, पण डोळा मिटता येत नाही ही गोष्ट शरीराला पटत नाही. मग डोळ्यावर एक कडं ठेवून दाबलं. छातीवर कुणी गुडघा ठेवावा तसा दाब, फक्त डोळ्यावर. आणि दिसणं बंद झालं. मिटल्यावर होतो तसा हा अंधार नव्हता. डोळा उघडा होता, त्यावर दिवा होता, आणि काहीच नव्हतं. वर शिवणयंत्राच्या मोटरसारखा आवाज सुरू झाला.

हे होणार आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी माझी पक्की समजूत झाली की काहीतरी चुकलं आहे, डोळा गेला आहे आणि ह्या लोकांना अजून कळलेलं नाही. माझी मान आपोआप उचलली जायला लागली. खरंच लागली. डॉक्टरनं कपाळावर हात दाबला आणि म्हणाली, "हलू नका."

मला हट्ट्याची मावशी आठवली. चांगल्या प्रसंगी आठवली असं म्हणता येणार नाही.

हातांना काही काम नव्हतं म्हणून मी आकडे मोजायला लागले. एकतीसला उजेड परत आला. कडं काढलं, काचेचा वरचा पापुद्रा उलटला, सगळं पाण्याखालून पाहावं तसं झालं. एका लाल ठिपक्याकडे पाहायला सांगितलं. टकटक असा आवाज आणि जळलेल्या केसांचा वास. वास कशाचा, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, "बोलू नका." मग पापुद्रा परत बसवून लहान ब्रशनं सारखा केला, पोळीवर तूप फिरवावं तसा.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी अंधार तेवढाच झाला. दाबही तेवढाच. पण ह्या वेळी मला आकडा माहीत होता. मी एकतीसपर्यंत मोजलं, उजेड आला, मान हलली नाही. दोन्ही डोळे माझेच, डॉक्टर तीच, यंत्र तेच. फरक फक्त आकड्याचा होता. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

त्यानंतर चार तास दोन किलो कांदे चिरल्यासारखी आग आणि पाणी. डोळ्यांवर प्लास्टिकच्या भोकं पाडलेल्या वाट्या चिकटवलेल्या. लॉजवर झोपून उठले तेव्हा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. तारीख मागच्या महिन्याची होती. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे झालं," आणि जेवायला गेला.

घरी आल्यावर दोन आठवडे डोळ्यांत पाण्याचा थेंब नको, चोळायचं नाही, धूर नको. शेजारणींना मोतीबिंदूचीच पथ्यं माहीत, त्यामुळे कुणी शिरा आणून दिला, कुणी चाळीस दिवस वाकू नको म्हणून बजावलं. चष्मा वर सरकवायची सवय जात नव्हती. दिवसातून वीस वेळा बोट नाकापर्यंत जाई आणि तिथं काही नसे. रात्री काढायला हात जाई तो सरळ डोळ्यावर. म्हणून झोपताना वाट्या लावून झोपत असे. आणि तांदूळ निवडायला बसले की वाचायचा चष्मा लावावा लागे.

"एवढी नागपूरले जाऊन आली," सासूबाई म्हणाल्या, "अन् चष्मा हायेच?"

"हा जवळचा आहे."

"लांबचं पाहून तुले करायचं काय हाय? काम तं सारं जवळच हाय." मग आवाज खाली करून, "दुखलं का?"

तोंडात ते वाक्य तयार होतं. मी ते गिळलं आणि पहिल्यापासून सांगायला बसले: चिमटा, कडं, दाब, अंधार, मोटर, जळका वास, मान उचलली ती, कांदे. काही वगळलं नाही. त्या तांदळात हात घालून ऐकत होत्या. वासाचं त्यांनी दोनदा विचारलं.

"भेव लागलं तुले?"

"हो. पहिल्या डोळ्याला. दुसऱ्याला नाही."

"काहून?"

"एकतीस मोजले की संपतं, हे कळलं होतं."

त्यांनी तांदळातला एक खडा चाचपून काढला. मग म्हणाल्या, "माह्या सुईचा आकडा किती?"

मला माहीत नव्हता. इतक्या वर्षांत इतकी माणसं आत पाठवली, आणि ती सुई किती वेळ आत असते ते मी पाहिलं नव्हतं. मी दाराबाहेर यादी घेऊन उभी असे. "विचारून सांगते," मी म्हटलं.

"विचारून नको. पाहून सांगजो."

शिबिर सुरू झालं त्या दिवशी मी डॉक्टरांची परवानगी घेऊन आत उभी राहिले, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. सहा म्हातारे पाहिले. सुई आत जाताना सगळ्यांच्या पायाची बोटं ताठ होत, हे बाहेरून दिसत नाही. दहा सेकंदांत सुई बाहेर येई. मग डोळ्यावर तळहात दाबून ठेवत, आणि त्यापुढे कुणी तक्रार केली नाही. घरी येऊन मी सांगितलं, "सुई दुखते. चांगली दुखते. दहा मोजेपर्यंत. त्याच्यानंतर नाही."

"पक्कं दहा?"

"घड्याळावर."

"हौ. मंग उद्या चलतो," त्या म्हणाल्या. पोरगं जीप घेऊन येऊन राह्यलं का, एवढंच वर विचारलं. पोरगं म्हणजे माझा चौपन्न वर्षांचा नवरा.

त्यांना टेबलावर घेतलं तेव्हा मी आतच होते. सुई गेली. बोटं ताठ झाली. ओठ हलत होते, मान हलली नाही. नंतर हिरव्या टोपीत बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी, आणि पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं.

"सोळा झाले."

"दहाच होते, आई. मी घड्याळावर पाहिलं."

"तू घड्याळावर मोजले. मी सुईवर मोजले. सोळा."

मी यादीत त्यांच्या नावापुढे सोळा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी आधी वॉर्डाचं छत पाहिलं, मग खिडकी, मग मला, बराच वेळ. "तुह्ये केस किती पिकले," त्या म्हणाल्या. "मले कोणी सांगतलं नाही."

पुढच्या थंडीत किरनापूरला जीपच्या दाराशी एक म्हातारा अडून बसला आणि त्यानं विचारलं, दुखतं का. दुखतं, मी म्हटलं, सोळा मोजेपर्यंत. तो म्हणाला, मला वीसपर्यंत आकडे येतात, आणि चढला.