यंत्राचं पहिलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आधी थोडी बढाई मारू द्या. अंतराळ स्थानकात राहणारी माणसं स्वतःचं मूत्र आणि घाम शुद्ध करून तेच पाणी पितात. ते शुद्ध करणारं एक यंत्र आम्ही दुबईतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बनवलं, आणि त्याचं ड्रॉइंग रेघ न् रेघ माझं. आज ते वर फिरतंय, एकदाही बंद पडलेलं नाही! छाती फुगणार नाही तर काय?

नळ्या जोडल्या सावंतांनी. चिपळूणचे फिटर, तिथल्याच इंटरनॅशनल सिटी वस्तीत सहाजणांच्या खोलीत राहणारे. त्यांनी जोडलेल्या सांध्यातून थेंब गळेल तर शपथ! चाचणीसाठी मूत्र आम्हा सगळ्यांचंच, रोज सकाळी कॅन घेऊन सावंत ओरडायचे, "यल्ला, चला, वर्गणी काढा!"

आमच्यात एक रीत होती — यंत्र तयार झालं की ते आखणाऱ्याने पहिला ग्लास प्यायचा, सगळ्यांसमोर. लॅबचे रिपोर्ट मी स्वतः तीनदा तपासले होते. बाटलीतल्या पाण्यापेक्षा स्वच्छ! मग अडचण काय होती? काहीच नाही हो. किळस आली — नुसती किळस.

नळ आतल्या खोलीत होता. तिथे मी एकटाच गेलो. ग्लास भरला, तोंडाजवळ नेला... आणि बेसिनमध्ये ओतला. खिशातल्या बाटलीतलं विकतचं पाणी त्यात भरलं. हो, बाटली खिशात होती — म्हणजे ठरवूनच गेलो होतो ना? बाहेर येऊन सगळ्यांसमोर घटाघटा प्यायलो. काय टाळ्या पडल्या! माझी मुलगीही आली होती, "माय बाबा इज सो ब्रेव्ह!" म्हणत नाचली.

मग सावंत पुढे आले. "साहेब प्यायले, मग मला कसली भीती? द्या इकडे." त्यांना मात्र मी यंत्रातलंच आणून दिलं. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन त्यांनी ग्लास रिकामा केला.

गेल्या महिन्यात सावंत कायमचे गावी गेले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "आयुष्यात एकच धाडस केलं, तेही साहेबांच्या मागून." आणि माईक माझ्या हातात दिला. तेव्हा बोलता आलं असतं. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, "खरंय, सावंत" म्हणालो — आणि पुन्हा टाळ्या घेतल्या.

पहिला ग्लास प्यायले ते सावंत. मी आजवर एक घोटही घेतलेला नाही.