रंगकाकांची निबर कातडी

आमच्या नाटक कंपनीत तोंडं रंगवणारे ते रंगकाका. तीस वर्षं त्यांनी आम्हाला हवं तेव्हा राजा केलं, हवं तेव्हा भिकारी.

एका हंगामात पाच जणांच्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठले. नायिकेचं कपाळ सुजलं. शनिवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर पेटी उचला, असं मालकांनी काकांना बजावलं.

काकांनी रंग, पाण्यात कालवलेली पावडर, तेल आणि टोप-मिशा चिकटवायचा डिंक वेगवेगळे घेतले. औषधाच्या पिचकारीनं प्रत्येकाचा एक दशांश मिलिलिटर मोजून स्वतःच्या हातावर दोन सेंटिमीटरच्या चौकटींत लावला, वर पट्टी. एका चौकटीत नुसतीच पट्टी. पट्टीनंच कातडी लाल झाली तर रंगाला उगाच फाशी नको. दोन दिवसांनी हात स्वच्छ.

मालक म्हणाले, "काका, तुमची कातडीच निबर. तीस वर्षं शिव्या खाल्ल्यात, आता काय लागणार?"

सगळे हसले. काका हाताकडे बघत राहिले. प्रत्येक नवा रंग ते आधी त्याच हातावर घासून बघत आले होते. टोमणा शब्दशः खरा होता.

मी माझा हात पुढे केला. ते तयार होईनात. खाज सुटली तर लगेच धुवायचं, या अटीवर झाले. या वेळी चौकटींना आकडे काकांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी घातले आणि कुठल्या आकड्याखाली काय, ही यादी स्वतःकडेच ठेवली. "माझी नजर माझ्याच बाजूनं बघेल," काका म्हणाले.

चौथी चौकट लाल झाली. काकांनी लाली मोजपट्टीनं मोजली: चौदा मिलिमीटर. काकूंनी यादी उघडली. डिंक.

डिंक काका घरी बनवत. मिशी ओढताना दुखू नये म्हणून यंदा त्यांनी त्यातली राळ बदलली होती.

"एका हातावरून काय ठरतं?" मी म्हणाले.

"बरोबर बोललीस, पोरी." आणखी दोघांच्या हातांवर त्यांनी जुना आणि नवा डिंक शेजारी शेजारी लावला. दोघांच्याही हातावर नव्याचीच जागा लाल.

नवा डिंक गुपचूप ओतून टाका, कुणाला कळतंय, असं मी सुचवलं. "उद्या दुसरा कुणी हीच राळ घालेल," ते म्हणाले, आणि शनिवारी सगळ्यांसमोर त्यांनी आकड्यांसकट कागद वाचला.

मालकांनी त्यांना ठेवलं. नायिकेनं मात्र त्या प्रयोगाला आपलं तोंड आपणच रंगवलं, बाकीचे तिच्या आरशाशी रांगेत उभे राहिले. मी काकांसमोर जाऊन बसले. त्यांनी ब्रश उचलला. पहिला ठिपका त्यांनी माझ्या हातावर लावला, मग गालावर.