ज्याचं बोलणं, त्याची ओळ

आधी तक्रार. गौरवसमितीच्या पत्रात वर लिहिलंय, दिगंबर सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. खाली लिहिलंय, सर आता कायमचे पुण्याला मुलाकडे जाणार, तेव्हा भाषणात निरोपाचे दोन शब्दही घालावेत. जाणार हे कोणी ठरवलं? मागच्या रविवारी सर नायगावच्या वाचनालयात गोष्टी लिहिण्याचा वर्ग घेत होते. त्यांच्या तोंडून तर असं काही निघालं नाही.

आता सगळ्यांना नमस्कार. मी चौथी शिकलेली बाई. सरांहून तीन वर्षांनी मोठी, तरी त्यांना अहो-जाहो करते, कारण लिहायला त्यांनी लावलं.

ओळख भांडणातून झाली. माझ्या नातीनं त्यांच्या वर्गात गोष्ट लिहिली, तिच्यात माझ्या शिव्या जशाच्या तशा. मी वही घेऊन वाचनालयात गेले.

“माझं तोंड वहीत उतरवायला कुणी सांगितलं? आन् दोन्हीकडं ह्या मुंग्या कशाला चिकटवल्या?”

“अवतरणचिन्हं आहेत, आजी. या मुंगीपासून त्या मुंगीपर्यंत तुम्ही बोललात. आतलं अक्षर मी हलवलेलं नाही.”

“म्हंजे दुसऱ्याचं बोलणं माझ्या नावावर खपवता येत न्हाई?”

“नाही येत.”

हे मला पटलं. पुढच्या रविवारी माझी वही घेऊन गेले.

सर गोष्टीतलं बोलणं तिघाचौघांना वाटून मोठ्यानं वाचायला लावतात. आता कोण बोललं हे वाचणाऱ्याला कळेना, की तिथं पेन्सिलीची खूण. बोलणारा बदलला, की नवी ओळ. माझी पहिली गोष्ट म्हणजे एका जीपमध्ये कोंबलेलं गाव होतं, कोणाचा पाय कुठला पत्ता नाही. सरांनी एकेकाला खाली उतरवलं. वर्गाचा अंक लातूरला छापायला दिला, तर तिथल्या माणसानं माझं ‘न्हाई’ सुधारून ‘नाही’ केलं. सर एसटीनं लातूरला गेले आणि समोर बसून परत करून घेतलं. त्याला म्हणाले, “चिन्हांच्या बाहेर खुशाल सुधारा. आतलं आजींचं आहे.”

एकदा मात्र त्यांनी मलाच धरलं. सुनेला, सुनीताला, बिलोलीला नोकरी लागली होती, तिकडे खोली करून राहावं लागणार होतं. घरात बैठक झाली आणि ती गेली नाही, त्याची मी गोष्ट लिहिली. मी बोलले, मुलगा बोलला, दीर बोलले. सरांनी शेवटी एक नवी ओळ आखली, दोन्हीकडं मुंग्या, मधे काही नाही.

“ही ओळ सुनीताबाईंची. भरून आणा.”

“तिला काय ईचारायचं? मला ठाऊक हाय.”

“मग ते तुमच्या ओळीत घालू.”

घरी गेले. सुनीता भाकरी थापत होती. विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, “आत्याबाई, मला जायचं होतं.”

“मग तवा का बोलली न्हाईस?”

“ईचारलं कुणी?”

तसंच छापलं. गाव महिनाभर मला हसलं. पुढं दुसऱ्यांदा जागा निघाली, तेव्हा सुनीता गेली. शनिवारी येते. भाकरी आता मी थापते, कडक होते, मुलगा मुकाट खातो.

नांदेडला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती तेव्हा सर अंक वाचून दाखवायला आले, एकेकाचा आवाज काढून. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, “पेशंटाजवळ एकच माणूस बसू देतेत ना? तुमच्याकडं पाच कसे?”

आता पुण्याचं. समितीच्या बैठकीत सरांचा मुलगा म्हणाला, “बाबांना तिकडे करमेल.” चिटणीस म्हणाले, “सरांचीही तीच इच्छा.” सर चष्मा पुसत बसले होते. मुलगा भला आहे, घराला लिफ्ट आहे, सरांचे गुडघे दुखतात, हे सगळं खरं. त्यांना जायचं असेल तर मी शेंगदाण्याची चटणी बांधून देईन.

सरांचे गुडघे चालत राहोत, पेन्सिलीवरची बोटं सरळ राहोत, शंभरीचा अंकही त्यांनीच तपासावा.

पण येत्या रविवारी वर्गात सगळ्यांसमोर विचारायचं, राहायचं का जायचं. मुलानं मधे बोलायचं नाही, चिटणीसांनी नाही, मीही नाही. सर, उत्तर तुम्ही द्यायचं.